ॲम्पमधून घूंऽऽ आवाज येऊन राहिला, पॉवर कंडिशनर घेऊ की वेगळी अर्थिंग करू? (नागपूर)

मनीषनगरवाला
नमस्कार मंडळी. जुनं ग्राउंड फ्लोअरचं घर आहे, वायरिंग पण जुनंच. सिस्टीम म्हणजे इंटिग्रेटेड ॲम्प, बुकशेल्फ स्पीकर, टर्नटेबल, डिशचा सेटटॉप बॉक्स आणि कधीकधी लॅपटॉप. स्पीकरमधून सतत बारीक घूंऽऽ असा आवाज येते, आणि बाजूच्या खोलीतला कूलर चालू केला की टक् करून आवाज. व्होल्टेजचं तर विचारूच नका, संध्याकाळी १९५ आणि रात्री बारानंतर २५० च्या वर. दुकानदार म्हणते ३५ हजाराचा कंडिशनर (विजेतला गोंगाट गाळणारा डबा) घ्या सगळं जाईल, इलेक्ट्रिशियन म्हणते सिस्टीमसाठी अंगणात वेगळा रॉड ठोकू, घराच्या अर्थिंगला जोडायचाच नाही, आणि मित्र म्हणते प्लगची अर्थ पिन काढून टाक. पाऊस सुरू व्हायच्या आत काहीतरी करायचं आहे, कोणाचं ऐकू?

तारतंत्री
भाऊ, सगळ्यात आधी मित्राचं ऐकू नका. अर्थ पिन काढली की घूं बंद होईलही, पण उद्या आत इन्सुलेशन फाटून फेज बॉडीला लागला तर ॲम्पचा धातूचा डबा २३० व्होल्टवर उभा राहील आणि तुम्ही व्हॉल्यूम फिरवायला हात लावाल. आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो, त्यात आणि यात काहीच फरक नाही.

आता घूं. आधी शोधा येते कुठून, पैसे नंतर. व्हॉल्यूम शून्य करा. आवाज तसाच राहिला तर ॲम्पच्या आतलं काम आहे. कमी-जास्त होत असेल तर एकेक इनपुट काढत जा, आणि डिशची केबल सेटटॉप बॉक्सच्या मागून फिरवून काढा, नुसता बॉक्स बंद करून कळत नाही. माझा अंदाज तीच निघेल, कारण गच्चीवरून येणाऱ्या केबलच्या आतली धातूची जाळी कुठेतरी लोखंडाला नाहीतर जमिनीला लागलेली असते, इकडे ॲम्प प्लगमधून अर्थ झालेला, दोन ठिकाणी अर्थ म्हणजे लूप तयार आणि त्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरते. तसं असेल तर बॉक्स आणि ॲम्प दोन्हीला ऑप्टिकल सॉकेट आहे का बघा. ऑप्टिकलमधून फक्त उजेड जाते, वीज नाही, लूप तिथेच तुटला. टर्नटेबलची ती बारीक ग्राउंड वायर पण ॲम्पच्या मागच्या स्क्रूला नीट कसलेली पाहिजे.

आणि एक, कान स्पीकरला न लावता ॲम्पच्या डब्याला लावा. घूं तिथून येत असेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणते, तो वेगळा विषय आहे, त्याला अर्थिंगने फरक पडत नाही.

बेसारोड
वेगळ्या रॉडबद्दल मी लिहितो कारण हा सल्ला आपल्या इकडे सर्रास देतात. एका घरात दोन अर्थ असतील तर ते जाड वायरने एकमेकांना जोडलेलेच पाहिजेत. नाही जोडले आणि जवळपास वीज पडली तर दोन रॉडमध्ये हजारो व्होल्टचा फरक येऊ शकते, आणि तो फरक जाते तुमच्या सिस्टीममधून. रॉड ठोकायचाच असेल तर घराची आहे ती अर्थिंग सुधरवा.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती इलेक्ट्रोडपासून सुटली, कोरडी झाली की अर्थिंग नावापुरती उरते. जुन्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत राहायचं, तेवढंही कोणी करत नाही. पाईप गंजला असेल तर केमिकल अर्थिंग करून घ्या, त्यातली बेंटोनाइटची माती ओल धरून ठेवते.

तपासायचं कसं, तर इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखंच यायला पाहिजे, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. पण नुसत्या मीटरवर जाऊ नका, तुटक्या अर्थवर पण मीटर आकडे दाखवते. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब पूर्ण पेटला तर समजा अर्थ निदान तुटलेली नाही. आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडते ती) असेल तर ती लगेच पडेल, पडायलाच पाहिजे. आणि सॉकेटमध्ये न्यूट्रलवरूनच अर्थला जोडणी मारलेली दिसली तर आधी ती काढा, जुन्या घरात हे फार सापडते.

रेकॉर्डवेडा
वरच्या दोघांशी सहमत, पण कंडिशनरला एकदम कचऱ्यात काढू नका. माझ्याकडे त्यातलाच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (घराच्या लाईनशी थेट वायरीचा संबंध तोडणारा) आहे, शेजारच्या फॅन रेग्युलेटरची करकर त्याने नक्की कमी झाली. फक्त साईज मोठी घ्यायची, ॲम्पच्या गरजेच्या दुप्पट-तिप्पट, नाहीतर तबल्याचा ठेका दबल्यासारखा वाटते. मात्र १९५-२५० चा जो त्रास आहे त्यावर फिल्टरवाला कंडिशनर काहीच करत नाही, त्याला स्टॅबिलायझरच लागते. सर्वो (मोटरने हळूहळू व्होल्टेज जुळवणारा) असेल तर बरं, रिलेवाला टप्प्याटप्प्याने उड्या मारते आणि प्रत्येक उडीला टक्. ते खनिजं भरलेले ग्राउंड बॉक्स आवाज सुधारेल म्हणून विकतात ना, त्याच्या नादी मात्र लागू नका, तेवढ्या पैशात अख्ख्या घराची अर्थिंग होते.

मनीषनगरवाला
मंडळी, डिशची केबल काढली आणि घूं गायब! बॉक्सला ऑप्टिकल आहे, केबल आणतो सीताबर्डीवरून. बल्ब मात्र अर्धाच पेटला. इलेक्ट्रिशियन बदलला, केमिकल अर्थिंग करतो आहे. विजेपासून वाचायला सर्ज (अचानक उसळलेलं व्होल्टेज) प्रोटेक्टरवाली पट्टी पुरते का?

बेसारोड
बल्ब अर्धा म्हणजे बरं झालं पाहिलं ते. पट्टी एकटी नाही पुरत. डीबीमध्ये (घराच्या एमसीबीच्या मुख्य डब्यात) टाईप २ चा एसपीडी, म्हणजे अख्ख्या घरासाठीचा सर्ज प्रोटेक्टर, बसवा, अर्थिंग झाल्यावरच, कारण तो सर्ज अर्थकडेच ढकलते. त्याच्या जोडणीच्या वायरी जितक्या आखूड तितकं चांगलं, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. त्याच्यावर छोटी खिडकी असते, हिरवी असेपर्यंत चालू, लाल झाली की बदलायचा. आणि गडगडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढा. केबल विसरतात लोक.

तारतंत्री
कूलर वेगळ्या सर्किटवर टाका, टक् बरंच कमी होईल. आणि सिस्टीमचं सगळं एकाच बोर्डावर लावा, एक प्लग इकडे एक तिकडे नको. कूलरची बॉडी पण त्याच दिवशी अर्थला तपासून घ्या.