पहिलं ऑटोमॅटिक डाइव्ह वॉच: कामासू, प्रोमास्टर की सिको ५?

खारा_वारा:
मंडळी, जरा मदत हवीय. दिवाळीनंतर तारकर्लीला स्कूबाला जायचं ठरतंय आणि त्या निमित्ताने पहिलं ऑटोमॅटिक (बॅटरीशिवाय, हाताच्या हालचालीवर चालणारं) घड्याळ घेतोय, बजेट ओढूनताणून २५ हजार. ओरिएंट कामासू, सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४० आणि सिको ५ स्पोर्ट्स, या तिघांत अडकलोय. खरं तर सिकोच्या जुन्या डाइव्ह वॉचवर, एसकेएक्स००७ वर जीव होता पण ते २०१९ मध्येच बंद झालं. मनगट बारीक आहे, सव्वासहा इंच, आणि ऑफिसलाही रोज हेच घालणार. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे सत्तरच्या दशकातलं सिको ४ हजारात दिसतंय, डायल एकदम नवीकोरी, ते घेऊ का?

चावीवाला:
ते ४ हजारवालं आधी डोक्यातून काढ. पन्नास वर्षांच्या घड्याळाची डायल नवीकोरी कशी असेल? जुन्या डायली रंगवून, मिळेल त्या घड्याळाचे पार्ट बसवून विकायचा धंदा मुंबईत कित्येक वर्षं चालूय, बाहेरचे लोक त्याला 'मुंबई स्पेशल'च म्हणतात. भिंग लावून अक्षरं बघ, कडा पसरलेल्या दिसतील. आणि आतले पाणी अडवणारे रबर कधीचे आहेत काय माहीत, पाण्यात तर अजिबात नको.

सिको ५ दिसायला एसकेएक्ससारखंच आहे, मशीनही चांगलं, ४आर३६, चावी देता येते, वेळ लावताना सेकंदकाटा थांबतो, एसकेएक्सच्या ७एस२६ मध्ये या दोन्ही गोष्टी नव्हत्या. पण त्याची पाणी सोसायची क्षमता फक्त १०० मीटरची आणि क्राऊन (बाजूची चावी-वेळ लावायची कळ) स्क्रूसारखा फिरवून घट्ट करायचा नाही. पोहायला ठीक, स्कूबासाठी मी घेणार नाही.

निळी_डायल:
तीन वर्षं कामासू वापरतोय. सफायर काच, दाराच्या कडीवर, भिंतीवर किती वेळा आपटलं असेल, एक ओरखडा नाही. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ४७ मिमीच्या आत आहे त्यामुळे तुझ्या मनगटावर बसेल, नुसता व्यास बघून ठरवू नकोस. माझं दिवसाला १२ सेकंद पुढे जातं, कंपनीच +२५/-१५ सांगते म्हणजे तक्रार नाही. स्टीलचा पट्टा मात्र खुळखुळतो, मी महिन्याभरात काढून २२ मिमीचा रबरी लावला.

एक कळकळीने सांगतो. पहिल्या वर्षी सकाळी तारीख बदलली, क्राऊन आत दाबला पण फिरवून घट्ट केलाच नाही आणि तसाच समुद्रात उतरलो. संध्याकाळी काचेच्या आत ६ च्या खुणेजवळ धुकं धरलं होतं. त्याच रात्री उघडून वाळवून घेतलं म्हणून मशीन वाचलं, खारं पाणी रात्रभर राहिलं असतं तर गंजच. पाण्याआधी दर वेळी क्राऊन तपासायचा, म्हणजे तपासायचाच.

दर्यावर्दी७:
माझं मत प्रोमास्टरला. त्याच्या डायलवर 'डायव्हर्स' लिहिलंय, कामासूवर नुसतं वॉटर रेझिस्ट. फरक शब्दाचा नाही, आयएसओ ६४२५ या डाइव्ह वॉचच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे डायव्हर्स घड्याळाचा एकेक नग तपासावा लागतो, तोही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट. पहिल्या स्कूबाला तू १२ मीटरपेक्षा खोल जाणार नाहीस, तिथे कामासूही आरामात चालेल, पण पुढे कोर्स करणार असशील तर विचार कर. क्राऊन डावीकडे ८ वाजता आहे, बाईकवर हात मागे वाकतो तेव्हा टोचत नाही. काच मिनरल आहे, ओरखडे पडतात, हे मान्य. आणि अंधारात रेडियम बघ दोघांचं, दुकानातल्या लाइटखाली कळत नाही, हाताची ओंजळ करून बघायचं.

खारा_वारा:
सगळ्यांचे आभार! शनिवारी लक्ष्मी रोडला जाऊन दोन्ही घालून बघितली, ओल्या बोटांनी बेझलही (डायलभोवतीचं फिरणारं कडं) फिरवून बघितलं (दुकानदाराने पाणी दिलं, भला माणूस). कामासूचं बेझल बोटातून निसटत होतं, प्रोमास्टरचं दात असल्यामुळे पटकन फिरलं. प्रोमास्टर घेतलं. फक्त रबरी पट्टा फारच लांब, शेवटच्या भोकात अडकवला तरी शेपूट बाहेर राहतं. २० मिमीचा कापडी पट्टा पुण्यात चांगला कुठे मिळेल?