पक्षीनिरीक्षण सुरू करायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्यात राहते, घरासमोर उंबराचं मोठं झाड आहे. गेल्या उन्हाळ्यात दुपारभर टुक टुक टुक असा आवाज यायचा, मला वाटलं कुठेतरी काम चालूय, पण एक दिवस नीट बघितलं तर शेंड्यावर चिमणीपेक्षा थोडा मोठा हिरवा पक्षी, कपाळ लालभडक, गळा पिवळा, आणि प्रत्येक टुकला गळा फुगतोय! तांबट म्हणे. तेव्हापासून वेडच लागलंय, रोज सकाळी चहा घेऊन गॅलरीत. दयाळ, शिंपी, बुलबुल, सातभाई आता ओळखता येतात, पण घारीपलीकडचे शिकारी पक्षी आणि ते सगळे मातकट छोटे पक्षी अजिबात कळत नाहीत, तिथे सुरुवात कशी करायची?

दुसरं म्हणजे दुर्बीण. ८ बाय ४२ (म्हणजे ८ पट मोठं दिसतं, पुढचं भिंग ४२ मिमीचं) घ्यावी की १० बाय ५०? दुकानदार १० च घ्या म्हणतो, पण हातात धरली तर चित्र हलतं आणि वजनही जाणवतं, त्यामुळे माझं मन ८ कडेच आहे. चष्मा असलेल्यांनी प्लीज सांगा, काही त्रास होतो का?

मर्लिन ॲप टाकलंय, आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतं, पण त्यावर किती विश्वास ठेवायचा? थंडीत पुण्याजवळच्या कवडीपाटला चक्रवाक बदकं बघायला जायचंय, आईला पण न्यायचंय, तिचे गुडघे दुखतात. किती वाजता पोचावं, आणि नदीकाठी फार चालावं लागतं का?