मदत हवी आहे : गेटजवळचा सर्व्हिसचा पाईप फुटला, आता कोणता टाकू?

औसेकर : गेटाच्या कडंनं वर गेलेला वायरचा पाईप ट्रॉलीनं परत फोडला. पीव्हीसीच होता, उन्हानं पार कडक झालेला. इलेक्ट्रिशियन जाड पीव्हीसी टाका म्हणायलाय, दुकानदार जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) घ्या म्हणायलाय. उद्या सकाळी मिस्त्री येणार हाय, लवकर सांगा.

काळी_माती : मीटर कुठं आहे? पाईप मीटरच्या अलीकडचा की पलीकडचा? सिंगल फेज की थ्री फेज? आत केबल कोणती?

औसेकर : वायर काळी हाय. पाईप कोणता ते सांगा ना राव.

जुना_वायरमन : पीव्हीसीचा नाद सोडा. जीआय घ्या, लाल पट्ट्याचा, म्हणजे सी क्लास. निळा मध्यम, पिवळा हलका. कापलेलं तोंड कानशीनं घासून त्यावर बुश, म्हणजे गुळगुळीत कडं, बसवा, नाहीतर तीच धार केबल सोलते. फेज-न्यूट्रल एकाच पाईपातून न्या, वेगळे नेले तर लोखंड तापतं.

परभणीकर_७ : लोखंडी पाईप म्हणजे घरात करंट बोलावणं. आमच्या गल्लीत म्हैस चिकटली होती.

जुना_वायरमन : अर्थिंग नसेल. पाईपाला अर्थिंग केल्याशिवाय लोखंड लावायचंच नसतं.

परभणीकर_७ : मग करंट गळला की लाईन तोडणारी आरसीसीबी कशाला असते?

काळी_माती : ती मीटरच्या पुढं बसते. अलीकडच्या वायरीतला करंट पाईपात उतरला तर तिला पत्ताच लागत नाही. म्हणून मीटर कुठं ते विचारलं.

सूर्यपुत्र : एवढ्या भानगडीपेक्षा सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे.

जुना_वायरमन : सोलर बसवलं तरी पोलवरची वायर येणारच की हो!

लातूर_रोड : आर्मर्ड केबल, म्हणजे धातूचं कवच असलेली, जमिनीतून न्या, विषय संपला.

काळी_माती : संपत नाही. आपली माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. केबल निदान ७५ सेंटिमीटर खोल हवी, ट्रॉली जाते तिथं मीटरभर. खाली-वर वाळू, केबल डीडब्ल्यूसी, म्हणजे दुपदरी प्लास्टिकच्या, पाईपात. आणि जिथं ती जमिनीतून वर येते तिथं ट्रॉली धडकणारच, तिथं परत जीआय लागलाच. खरं सांगू? भरलेल्या ट्रॉलीपुढं कुठलाच पाईप टिकत नाही. जीआय फुटणार नाही पण चेपेल, आणि आतली केबल दाबली गेलेली बाहेरून दिसणार नाही. पाईपाच्या पुढं हातभर अंतर सोडून चार इंची पाईप रोवा, आत काँक्रीट भरा. धडकायचं ते त्याला धडकू द्या.

औसेकर : हे पटलं. मीटर व्हरांड्यात हाय. पोलवरून वायर गेटाच्या खांबावर, तिथून पाईपात.

जुना_वायरमन : अहो, मग तो मीटरच्या अलीकडचा झाला! मिस्त्रीला हात लावू देऊ नका. मीटर बंद केला तरी ती वायर चालूच असते. महावितरणला १९१२ वर कळवा, त्यांनी पोलवरून लाईन काढल्यावरच पाईप बदला. आणि फुटल्या जागी केबल सोलली असेल तर चिकटपट्टी मारून भागणार नाही, अख्खी नवी टाका.

लातूर_रोड : ट्रॉली कुणाची पण?

औसेकर : चुलत्याची. भांडण नको.

परभणीकर_७ : मग पाईपाचा खर्च चुलत्याकडूनच घ्या!

औसेकर : बरं, मिस्त्रीला नको म्हणून सांगितलं. दुकानात लाल पट्टा संपलाय, निळा चालंल का?

काळी_माती : पुढं खांब रोवणार असाल तर चालेल.