मदत हवी आहे: बीगलबोन ब्लॅक पॅनेलमध्ये बसवला की उठत नाही, कन्सोलवर नुसती ‘सी’ची रांग

चौथारिले

बोर्ड बीगलबोन ब्लॅक (एका पाटीवरचा छोटा लिनक्स संगणक), रिव्हिजन सी, ४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश मेमरी). डेबियन ईएमएमसीवरच आहे, एसडी कार्डाचा खाचा रिकामा. ५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, गोल जॅकमधून. वर चार रिलेंचं कार्ड, रिले चालवणारी ड्रायव्हर चिप यूएलएन२००३. कॉइलला वेगळा १२ व्होल्टचा सप्लाय, ग्राउंड एकच. रिलेच्या चार तारा पी८ हेडरच्या ३९, ४०, ४३ आणि ४६ या पिनांवर. एचडीएमआयचा ओव्हरले (पिनांचं काम ठरवणारी सेटिंग) बंद केलेला आहे, त्यामुळे या पिना जीपीआयओ (साध्या चालू-बंद पिना) म्हणून नीट चालतात.

पॅनेलमध्ये वीज दिली की पॉवरचा दिवा लागतो, चार निळे दिवे मात्र लागत नाहीत. सिरीयलवर (११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही) थोड्या थोड्या वेळाने रोमन ‘सी’ उमटतो. बाकी काहीही नाही.

आतापर्यंत हे करून पाहिलं:

रिले कार्डाशिवाय टेबलावर: दर वेळी उठतो.
पॅनेलमध्ये ‘सी’ येत असताना कार्ड उपटून रीसेट बटण दाबलं: तरीही ‘सी’.
टेबलावर बोर्ड चालू करून नंतर कार्ड लावलं आणि रीबूट दिला: व्यवस्थित उठला.
पॅनेलमध्ये एसडी कार्ड घातलं: कुठलंही बटण न दाबता एसडीवरून उठला. मग डीडी कमांड लावून अख्खं ईएमएमसी वाचून काढलं, एकही एरर नाही.
दुसरा बोर्ड लावला: तंतोतंत हेच.

कार्ड काढूनही फरक पडत नाही आणि कार्ड लावून रीबूट होतो, म्हणजे कार्ड निर्दोष दिसतंय. मग दोन्ही बोर्डांचं ईएमएमसी एकदम कसं जाईल? एमएलओ (बूटची पहिली फाइल) पुन्हा लिहावी का?

सोल्डरचा_धूर

आधी सप्लाय. पॅनेलमधल्या वायरीवर व्होल्टेज पडतं आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. मीटरची काळी तार पी९.१ वर, लाल पी९.५ वर आणि मग पी९.७ वर. चालू करतानाचा आकडा बघा. ४.७५ च्या खाली जात असेल तर पुढचं काही तपासूच नका. आणि सिरीयलची केबल ३.३ व्होल्टचीच आहे ना? जे१ वर पिन १ ग्राउंड, ४ बोर्डाची आरएक्स, ५ टीएक्स. ५ व्होल्टवाली केबल तिथे लावायची नाही.

चौथारिले

पी९.५ वर ५.०४, पी९.७ वर ४.९८. केबल ३.३ चीच.

रॉममधला_उंदीर

सप्लाय सोडून द्या. ‘सी’ येतोय म्हणजे पॉवरची चिप जागी झाली, क्लॉक चालू झाला आणि एएम३३५८ च्या आतलं बूट रॉम चालतंय. तो ‘सी’ म्हणजे रॉमची एक्समोडेमची हाक आहे: “माझ्याकडे बूट करायला काही सापडलं नाही, तुमच्याकडे असेल तर सिरीयलवरून पाठवा.” यू-बूट (कर्नल उठवणारा बूटलोडर) अजून मैदानात उतरलेलंच नाही. म्हणून कर्नल, रूट पार्टिशन, यूईएनव्ही या सगळ्यांत वेळ घालवू नका. दोष पहिल्याच पायरीवर आहे: रॉमला एमएलओ मिळत नाही.

न मिळण्याची कारणं मोजकी. एमएलओ जागेवर नसणं हे एक. रॉम ती कच्च्या स्वरूपात ०, १२८, २५६ किंवा ३८४ केबीच्या ऑफसेटला शोधतं, किंवा फॅट पार्टिशनच्या मुळाशी एमएलओ याच नावाने. फाइल १०९ केबीपेक्षा मोठी असली तरी रॉम घेत नाही, कारण आतल्या रॅममध्ये तेवढीच जागा आहे. दुसरं कारण, ईएमएमसीच्या तारांवर कोणीतरी लोंबकळणं. त्या तारा पी८ वर ३ ते ६ आणि २० ते २५ या पिनांवर बाहेर आलेल्या आहेत. तिथे काही जोडलं की ईएमएमसी वाचता येत नाही. तुमच्या यादीत त्या पिना नाहीत, आणि टेबलावर उठतो म्हणजे एमएलओही शाबूत.

उरलं तिसरं: रॉम ईएमएमसीकडे जातच नाहीये.

तांबेपट्टी

उंदीरराव बरोबर दारापाशी आणून सोडलंत.

चौथारिले, उत्तर तुमच्याच नोंदीत आहे. एसडी घातल्यावर बटण *न दाबता* एसडीवरून उठला, असं तुम्ही लिहिलंय. या बोर्डाचा नेहमीचा क्रम असा: आधी ईएमएमसी, मग एसडी, मग सिरीयल, शेवटी यूएसबी. ईएमएमसीवर धड एमएलओ असताना रॉम एसडीपर्यंत पोचायलाच नको. एस२ बटण दाबून वीज दिली तर क्रम होतो: एसपीआय, एसडी, यूएसबी, सिरीयल. यात ईएमएमसी *नाहीच*. एसडी नसेल तर रॉम फिरून फिरून सिरीयलवर येतं आणि ‘सी’ म्हणायला लागतं. तुमचा बोर्ड कोणीतरी एस२ दाबून धरल्यासारखा वागतोय.

एक गफलत टाळा. ईएमएमसीवरचं यू-बूटसुद्धा पुढे कर्नल शोधताना एसडीत डोकावतं, त्यामुळे “एसडीवरून उठला” हे नेमकं कोणत्या पायरीचं, ते कन्सोलवर बघा. एसपीएलच्या (यू-बूटचा पहिला टप्पा, म्हणजे एमएलओच) ओळीत ‘ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१’ आलं तर ती एसडी, ‘एमएमसी२’ आलं तर ईएमएमसी. (डेटाशीटमध्ये हेच दोघे एमएमसी० आणि एमएमसी१ असतात. एक आकडा सरकलेला आहे, यात भलेभले फसतात.)

आता हे बटण दाबतंय कोण? एस२ दुसरं काही करत नाही, एलसीडी डेटा २ ही रेघ १०० ओहममधून ग्राउंडला नेतं. एलसीडीच्या सोळा डेटा रेघा म्हणजेच सिसबूटचे (वीज देताना बूटचा क्रम वगैरे ठरवणारे) सोळा बिट, आणि त्या सगळ्या पी८ वर ३१ ते ४६ या पिनांवर आहेत. एलसीडी डेटा २ कुठे येते? पी८.४३ वर. तुमचा तिसरा रिले.

हिशोब करून बघा. बोर्डावर त्या रेघेला ३.३ व्होल्टकडे १०० किलोओहमचा पुलअप (रेघ वर ओढून धरणारा रोध) आहे. यूएलएन२००३ च्या इनपुटला २.७ किलोओहम सिरीजमध्ये आणि पुढे ७.२ व ३ किलोओहम ग्राउंडकडे, म्हणजे चिप बंद असतानाही ग्राउंडला साधारण १२.९ किलोओहमची वाट आहेच. ३.३ × १२.९ ÷ ११२.९ केलं की ०.३८ व्होल्ट येतात. ०.८ च्या खाली असलं की प्रोसेसर त्याला शून्य समजतो. यात कार्डाचा १२ व्होल्ट चालू की बंद याचा संबंध नाही, नुसतं कार्ड जोडलेलं असणं पुरे.

उरलेल्या तीन तारा नशिबाने वाचल्या. पी८.३९, ४० आणि ४६ म्हणजे सिसबूट ६, ७ आणि १. या बोर्डावर ते तिन्ही मुळातच शून्य असतात, त्यामुळे यूएलएनने अजून खाली ओढलं तरी बिघडत नाही.

चौथारिले

पण मग कार्ड काढून रीसेट दिल्यावर उठायला हवा होता ना? तिथेच माझं गाडं अडलंय.

तांबेपट्टी

सिसबूट फक्त पॉवर-ऑन रीसेटच्या क्षणी वाचलं जातं आणि कुलूपबंद होतं. एस१ चं रीसेट बटण किंवा लिनक्समधला रीबूट हा वॉर्म रीसेट आहे. त्यात रॉम पुन्हा पहिल्यापासून चालतं, पण क्रम आधी कुलूपबंद झालेलाच वापरतं.

म्हणून तुमच्या दोन्ही परीक्षा उलट्या पडल्या. कार्ड काढून एस१ दाबलंत तेव्हा चुकीचा क्रम आधीच आत बसलेला होता. टेबलावर चालू करून नंतर कार्ड लावलंत तेव्हा बरोबर क्रम आत होता, रीबूटने तो हलला नाही. या बोर्डावर काहीही बदललं की वीज पूर्ण काढायची, पॉवरचा दिवा विझू द्यायचा, मग पुन्हा द्यायची. आणि चालू बोर्डावर कार्ड लावणं-काढणं बंद करा, ३.३ व्होल्टच्या पिना तेवढ्यानेही जातात.

खात्री करायची तर अंदाजावर राहू नका. कार्ड लावून, एसडी घालून थंड स्टार्ट करा (वीज पूर्ण काढून पुन्हा द्या), यू-बूटमध्ये स्पेस दाबून थांबा आणि एमडी डॉट एल ही कमांड देऊन हेक्स पत्ता ४४ई१००४० वाचा, एकच शब्द. (टाइप अर्थातच रोमनमध्ये, पुढे शून्य-एक्स लावून.) हे कंट्रोल स्टेटस रजिस्टर. त्याचे सर्वांत खालचे बिट म्हणजे कुलूपबंद झालेलं सिसबूट. शेवटचा हेक्स अंक ‘सी’ असेल तर क्रम नेहमीचा, ‘८’ असेल तर एस२ वाला. मग वीज काढा, कार्ड काढा, तेच परत करा.

सोल्डरचा_धूर

माझा सप्लायचा मुद्दा मागे. पण मग सोपा इलाज आहे की: पी८.४३ वरून ३.३ व्होल्टला २.२ किलोओहमचा पुलअप टाका, रेघ वर येईल. कार्डाला हात लावायला नको.

रॉममधला_उंदीर

रेघ वर येईल आणि तिच्यासोबत रिलेही! यूएलएनचं इनपुट दोन-अडीच व्होल्टच्या पुढे गेलं की आतलं डार्लिंग्टन (ट्रान्झिस्टरची जोडी) वाहू लागतं. वीज दिल्यापासून सॉफ्टवेअर ताबा घेईपर्यंत तिसरा रिले चिकटलेला राहील. त्या रिलेवर मोटर असेल तर?

चौथारिले

मोटरच आहे. पुलअप नको.

तांबेपट्टी

मध्ये ७४एलव्हीसी जातीचा बफर टाकण्याचा सल्लाही कोणी देईल, म्हणून आधीच सांगतो. बूटचा प्रश्न त्याने सुटतो. सीमॉस इनपुट फार तर ५ मायक्रोअँपिअर ओढतं, १०० किलोओहमवर त्याचे ०.५ व्होल्ट पडतात, रेघ २.८ वर राहते. पण ती रेघ वर आहे म्हणून बफर पुढे ‘चालू’ म्हणूनच सांगणार. बफरचं एनेबल पी९.१० वरच्या सिस-रीसेटने अडवलं तरी रीसेट सुटल्यापासून तुमचा प्रोग्राम सुरू होईपर्यंतचे सेकंद उघडेच राहतात. वीज देताना जी पिन वर *असायलाच हवी*, तिच्यावर रिले हे लग्न मुळात जमणारं नाही.

तार हलवा. पी८ वर ७ ते १२, १४ ते १९ आणि २६ या पिना सिसबूटच्याही नाहीत आणि ईएमएमसीच्याही नाहीत. पी८.१२ घ्या: जीपीआयओ १ चा १२ वा बिट, लिनक्सच्या जुन्या मोजणीत ४४. आधीची पी८.४३ म्हणजे ७२ होती, प्रोग्राममध्ये तो आकडा बदलायला विसरू नका. मोटरची तार सोडवून आधी दोन-चार थंड स्टार्ट करा आणि बूट होताना रिले टिक्क करतो का ते कानाने ऐका. नव्या पिनेचा रीसेटच्या वेळचा पुल कुठल्या बाजूला आहे, ते त्यावरून कळतं. टिक्क झालं तर यादीतली दुसरी पिन.

३९, ४० आणि ४६ आज चालतायत, पण त्या जागी उद्या इनपुट वर ओढणारं ऑप्टोकपलरवालं कार्ड आलं तर हाच खेळ पुन्हा होईल, शिवाय ५ व्होल्ट थेट पिनेवर येतील ते वेगळंच. पॅनेल उघडलेलंच आहे तर चारही हलवा.

चौथारिले

मोजून पाहिलं.

कार्डासकट थंड स्टार्ट, पी८.४३ वर ०.३९ व्होल्ट. एसपीएलची ओळ ‘एमएमसी१’. रजिस्टरचा शेवटचा अंक ८.
वीज काढून, कार्ड काढून, पुन्हा स्टार्ट: पी८.४३ वर ३.२९ व्होल्ट, शेवटचा अंक सी.

चारही तारा पी८.११, १२, १५ आणि १६ वर नेल्या. एसडी काढली. कार्डासकट वीस थंड स्टार्ट केले, दर वेळी दिवा पूर्ण विझू देऊन. वीसही वेळा ईएमएमसीवरून उठला, रिले एकदाही वाजला नाही. मोटर उद्या जोडतो.

एक शेवटचं: त्याच पॅनेलमध्ये पुढे एलसीडीचं केप (बोर्डाच्या हेडरवर बसणारं जोडकार्ड) लावायचा विचार होता. त्याच्या रेघा तर याच पिनांवर येणार. तेही क्रम बिघडवेल का?

तांबेपट्टी

या बोर्डासाठीच बनवलेलं केप असेल तर सहसा नाही, कारण सिस-रीसेट वर जाईपर्यंत सिसबूटच्या रेघा ओढायच्या नाहीत हा केपसाठीचा नियमच आहे. दुसऱ्या कशासाठीचं पॅनेल तारांनी जोडणार असाल तर लावण्याआधी मीटरने त्याच्या प्रत्येक डेटा पिनेपासून ग्राउंडपर्यंतचा आणि त्याच्या सप्लायपर्यंतचा रोध मोजा. कुठेही १०० किलोओहमच्या आसपास किंवा त्याखाली दिसलं तर मध्ये बफर टाका. तिथे बफर चालतो, स्क्रीन दोन सेकंद लुकलुकली तर कोणाचा हात अडकत नाही.

आणि एचडीएमआय बंदच ठेवा, त्याच रेघांवर आहे.