शाहू मिलमध्ये दुकानं, ऑफिसं येऊ द्यायची का?

मिलरोडकर
शाहू महाराजांनी १९०६ साली पाया घातलेली गिरणी २००३ पासून बंद पडली आहे. भर कोल्हापूर शहरात २७ एकर! स्मारकाची घोषणा होते, आराखडा येतो, पावसाळा येतो, पत्रे आणखी गळतात. माझं मत स्पष्ट आहे. थोडी जागा स्मारकाला ठेवा, बाकी इमारती नीट दुरुस्त करून भाड्याने द्या. चप्पल कारागीर, गूळवाले, हुपरीचे चांदीवाले, उद्यमनगरातल्या पोरांची डिझाइन ऑफिसं. मालकी सरकारचीच राहील, भाड्यातून डागडुजी होत राहील.

जुना_खातेदार
परळची फिनिक्स मिल बघून या. चिमणी उभी आहे, खाली मॉल. ज्यांच्या बापानं तिथं साचे (माग) चालवले त्यांना आत चहा तरी परवडतो का? पहिली दोन वर्षं चप्पलवाला, तिसऱ्या वर्षी ब्रँडवाला. महाराजांनी हे लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलं होतं.

रंकाळ्याची_पोर
काका, कामासाठीच काढलं होतं ना? मग तिथं पुन्हा धंदा उभा राहिला तर बिघडलं कुठं? कुलूप लावून कुणाच्या हाताला काम मिळालंय?

चुना_आणि_दगड
बांधकामातला माणूस म्हणून बोलतो. चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कंत्राटदार मात्र पहिलं तेच करतो, कारण लवकर उरकतं. जुन्या विणकाम खात्यांना करवतीच्या दातासारखं छत असायचं, काचा उत्तरेला, म्हणजे ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. त्याखाली फॉल्स सीलिंग ठोकून एसी लावणार असाल तर इमारत वाचवली असं म्हणू नका. आणि आग! मुंबईत कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये १४ जीव गेले. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये डोळ्यांदेखत जळालं. भाडेकरू शोधण्याआधी वायरिंग आणि बाहेर पडायच्या वाटा बघा.

भावा_ऐक
२०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात मिल उघडली तेव्हा माणसं आली होतीच की. तसंच चालू ठेवा. दुकानं कशाला?

मिलरोडकर
पर्व संपलं, पुढं छताचा खर्च कोण देणार?

जुना_खातेदार
मुंबईत १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: मोकळी जागा, घरं, मालक. २००१ मध्ये त्यात बदल झाला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. पहिल्या दोन वाट्यांत उरलं ते किरकोळ. सुप्रीम कोर्टानंही २००६ मध्ये तेच कायम केलं. इथंही असंच होणार.

रंकाळ्याची_पोर
म्हणूनच विक्री नको, छोटे गाळे, पाच-पाच वर्षांचा भाडेकरार आणि पोटभाडेकरूला बंदी. करार महापालिकेच्या फलकावर लावा.

जुना_खातेदार
फलकावर लावतील गं, पण पोटभाडेकरूला बाहेर कोण काढणार? मी विरोधातच.