घोड्याला लाड आवडतात का? तुमचे अनुभव सांगा

अबोली_के

गेल्या आठवड्यात माथेरानला गेलो होतो. दस्तुरी नाक्यावर लेकीसाठी घोडा ठरवला. पाच मिनिटांत त्याची नि आपली गट्टी जमली असं तिनेच ठरवून टाकलं. उतरल्यावर तिने त्याच्या मानेला गच्च मिठी मारली, तर घोड्याने मान उंच केली आणि तोंड दरीकडे फिरवलं. लेक हिरमुसली. "आई, त्याला लाड आवडत नाहीत का गं?" घोडेवाले दादा म्हणाले, "आवडतात की. पण असे नाही." आणि गेले पुढच्या गिऱ्हाइकाकडे. ते "असे नाही" तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

मग चंद्री आठवली. मिरजेत माझ्या आजोबांचा टांगा होता. स्टेशन ते दर्गा, स्टेशन ते दवाखाना. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. आजोबांनी चंद्रीला कधी कुरवाळल्याचं आठवत नाही, पण पहाटे खराऱ्याने तिचं अंग घासायचं कधी चुकलं नाही. कंदिलाच्या उजेडात तो खर्र खर्र आवाज. आयाळ संपते आणि पाठ सुरू होते तिथे खरारा आला की ही बया मान लांब करून वरचा ओठ पुढे काढायची आणि थरथरवायची. तपकीर ओढायच्या आधी म्हाताऱ्या करतात ना, अगदी तसं तोंड! आम्ही पोरं हसून लोळायचो. मग ती मान वळवून आजोबांच्या बंडीचा खिसा हुंगायची. खिशात गूळ असायचा.

आता या वयात प्रश्न पडलाय, जीव आजोबांवर होता की गुळावर? कोणी घोडा पाळलाय, सांभाळलाय, निदान जवळून बघितलाय? लिहा.

घाटमाथा

गुळावर.

सुगरण_नाही

घाटमाथा :) :)
आमच्या ह्यांचंही तेच आहे. पण विषय घोड्याचा आहे, गप्प बसते.

दस्तुरीचा_पोर

ताई, ते दादा बरोबर बोलले. आमच्या घरात तीन पिढ्या घोड्याचाच धंदा. टुरिस्ट काय करतात, येतात आणि समोरून डायरेक कपाळावर हात टाकतात. घोड्याला नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाय. डोळे बाजूला हायत त्याचे. मग त्याला वाटतं कुठून आलं हे. दुसरं म्हणजे थाप थाप मारतात मानेवर, शाब्बास शाब्बास. अहो माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवून उडवतो तो, त्याला तुमची थाप किती लागत असेल? खाजवा. नखांनी. मानेच्या बुडाशी. आजोबांना कळत होतं.

आमचा राजा दिवसाला वीस लोकांना पाठीवर घेतो. वीसही जण मिठी मारतात. तुमी सांगा, ऑफिसात वीस लोकांनी मिठी मारली तर तुमी काय कराल.

सुगरण_नाही

एचआरकडे जाईन.

निळी_छत्री

आम्ही गेलो तेव्हा घोडेवाल्याने परतीचे वेगळे पैसे मागितले होते. आता ई-रिक्षा झालीय म्हणे तिथे?

दस्तुरीचा_पोर

झालीय. तो विषय काढू नका ताई, रात्र जाईल.

गोठ्यातली_डॉक्टर

मी जनावरांची डॉक्टर. रोजचं काम गाई-म्हशींचं, घोडे क्वचित. पण त्या थरथरत्या ओठाबद्दल लिहायलाच हवं, कारण ती खूण अगदी खरी आहे. दोन घोडे एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवतात. बघितलंय का कधी? ते कोणाशीही करत नाहीत, ठरलेला जोडीदार असतो. १९९३ साली फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास छापून आला. माणसाने त्याच जागी हाताने खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. दुसरीकडे खाजवलं तर तसा फरक पडत नाही. मोठ्या घोड्याचे ठोके निवांत असताना मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, म्हणजे आपल्यापेक्षा कमीच. त्यातून आणखी खाली येणं म्हणजे बाबा खरंच सैलावलाय.

त्यामुळे अबोलीताई, चंद्री ओठ काढायची तेव्हा गूळ खिशातच होता. खराऱ्याचं सुख वेगळं, गुळाचं वेगळं. दोन्ही खाती एकाच माणसाकडे होती इतकंच.

कान बघत जा. मागे चिकटवून सपाट केले की लांब व्हायचं. नुसते बाजूला ढिले सोडलेत, खालचा ओठ लोंबतोय, मागचा एक पाय टेकवून उभा आहे, तर स्वारी मजेत आहे. फोनवरून टंकतेय, चुका समजून घ्या. एक म्हैस अडलीय, निघते.

कृष्णाकाठ

मिरजेच्या कुठल्या तुम्ही? माझं आजोळ ब्राह्मणपुरीत. स्टेशनबाहेरची टांग्यांची रांग चांगली आठवते. पावसात ओल्या घोड्यांचा आणि शेणाचा मिळून जो वास यायचा तो आला की सुट्टी सुरू.

अबोली_के

अय्या! आम्ही किल्ला भागात. डॉक्टरताई, म्हशीचं काय झालं कळवा.

तापीकाठचा

सारंगखेड्याची यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांनी दत्तजयंतीला एकदा या. तापीकाठी घोडेच घोडे. मारवाडी, काठियावाडी. माणसं दात बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरे मोजतात. अमुक जागी भोवरा असला की शुभ, तमुक जागी असला की घर बुडालं. लाखाचा सौदा केसांच्या गिरकीवर फिसकटतो. स्वभाव मात्र कोणी विचारत नाही. घोडं पेंड खातं ते इथंच.

माझ्या वडिलांनी एक काळी घोडी घेतली होती. व्यापाऱ्याने दाखवलं, बघा कशी मागे मागे येते, लेकरासारखी आहे. आली खरी. घरी आणल्यावर कळलं, लेकरू वगैरे काही नाही, त्याच्या बाहीत गूळ-चणे होते. आमच्याकडे चार महिने तिने अंगाला हात लावू दिला नाही. काका म्हणाले विकून टाका. वडिलांनी विकली नाही. ते रोज संध्याकाळी तबेल्यात खाट टाकून, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि पेपर वाचायचे. मोठ्याने. कापसाचे भाव, निधनवार्ता, सगळं. तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. आई म्हणायची, ह्यांना घोडी लागली.

एक दिवस मी चहा घेऊन गेलो तर घोडी वडिलांच्या खांद्यावरून पेपरात तोंड घालून उभी. वडील हलले नाहीत. मला डोळ्यांनीच म्हणाले, चहा तिथंच ठेव. पेपराचं ते पान ओलं झालं होतं तिच्या श्वासाने. चहा गार झाला, पण त्यांनी तो तसाच प्यायला.

सुगरण_नाही

काटा आला अंगावर. "ह्यांना घोडी लागली" वर जोरात हसले पण.

रेघोट्या

तापीकाठचा, अजून लिहा हो. वेगळा धागाच काढा यात्रेवर.

घाटमाथा

कापसाचे भाव ऐकून मीही कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवलं असतं.

वरातीमागून

नाव बघून कळलंच असेल. माझ्या लग्नात घोडी होती. फोटोवाल्याला हुक्की आली, "घोडीच्या गालाला गाल लावा, मस्त येईल." लावला. घोडीने अतिशय शांतपणे माझ्या मुंडावळ्या खाल्ल्या. एक सर पूर्ण, दुसरी अर्धी. मोगऱ्याच्या होत्या, ताज्या. मी ओरडतोय, बँडवाले वाजवतायत, मेहुणे हसतायत. लग्न अर्ध्या मुंडावळीवर लागलं. बायको म्हणते घोडीला तू आवडला होतास. मी म्हणतो मोगरा आवडला होता.

फटाक्यांच्या माळेला मात्र ती बिचारी प्रत्येक वेळी दचकत होती. तेव्हा लग्नाच्या धुंदीत काही वाटलं नाही. आता व्हिडिओ बघतो तेव्हा तिचे ते कान दिसतात. सपाट मागे.

शनिवारची_आई

नेदरलँड्समधून लिहितेय. आयंडहोवनजवळ राहतो. मुलीला रायडिंगच्या क्लासला घातलं तर पहिले तीन शनिवार घोड्यावर बसूच दिलं नाही! ब्रश करा, खुरांतली माती काढा, लीद उचला. मी मनात म्हटलं, युरो मोजून मुलीला शेणगोठा शिकवतेय, सासूबाईंना कळलं तर काय म्हणतील. (कळलं. म्हणाल्या, बरंय, घरीही करेल.)

पण एक गोष्ट फार आवडली. जाऊन हात लावायचा नाही. मुठीची मागची बाजू पुढे धरायची आणि थांबायचं. घोडा आला, हुंगला, तर खांद्याजवळ खाजवायचं. मधेच हात काढून घ्यायचा. पुन्हा जवळ आला तर हवंय, नाही आला तर पुरे. माझी लेक आता कामावरून आलेल्या बाबालाही असंच करते, मूठ पुढे धरून उभी राहते. घोडा डच आहे, पण त्याच्याशी ती मराठीत बोलते. "शोन्या, पाय उचल." उचलतो!

दस्तुरीचा_पोर

हेच तर सांगत होतो. आमच्याकडे कोण तीन शनिवार थांबणार, लोकांना पॉइंट बघून पाचच्या आत खाली उतरायचं असतं.

बिऱ्हाड

आमी धनगर. फलटणकडचे. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं. घोडीवर सगळं बिऱ्हाड. भांडी, वाघर म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी, कोंबड्या, आणि नवीन जन्मलेली कोकरं. आमच्यात लाड बीड नाय. भीमथडी घोडी ती, बुटकी, काटक. पण माझ्या आयेनं कोकरू वर ठेवताना हिक हिक केलं की घोडी दगडागत उभी. दुसऱ्या कुनी ठेवलं तर हलायची. लहानपणी मी पन त्या ओझ्यावरच बसून घाट उतरलोय, झोपलेलो असायचो. पडलो नाय कधी. आता ह्याला लाड म्हनायचं का काय ते तुमी ठरवा.

रेघोट्या

बिऱ्हाड, दंडवत. फोटो असेल तर टाका ना.

बिऱ्हाड

तवा कुठला फोटो.

खुडूसकर

वारीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. माऊलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून चालत आळंदीला येतात, पुढे पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत. एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा. तो माऊलींचा, त्यावर माऊली बसतात ही श्रद्धा. आमच्या खुडूसच्या रिंगणात ते दौडले की टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. मीही लावलीय.

पण धागा वाचून पहिल्यांदाच मनात आलं, दौड संपल्यावर शेकडो हात त्या घोड्याच्या अंगाला लागतात, तेव्हा त्याला काय वाटत असेल? एकदा मी अगदी जवळ होते. घामाने चिंब मान, नाकपुड्या फुललेल्या, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसत होतं. तेवढ्यात त्याच्या माणसाने गळ्याजवळ नुसता पंजा टेकवला. चोळलं नाही, थापटलं नाही. घोड्याने लांब फुर्रर्र केलं आणि मान खाली आली. हात आमचे शेकडो होते, त्याला पुरला तो एक.

रेसकोर्सचा_शेजारी

धाग्याचं नाव बघून वाटलं मालकांबद्दल कोणी बोलेल. पुण्यात रेसकोर्सजवळ वाढलो. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, थंडीत घोडे महालक्ष्मीला. मित्राचे वडील साईस होते, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल त्यांच्याकडे. मालक रविवारी यायचे, गाजरं आणायचे, बायका-मुलांसकट फोटो. घोडा गाजर घ्यायचा आणि कान मागे टाकून भिंतीकडे तोंड. मालक म्हणायचे, मूडी आहे. आणि मित्राच्या वडिलांची सायकल गल्लीत खडखडली की, अजून माणूस दिसायचाय, तोच घोडा खिंकाळायचा. एकदा ते महिनाभर आजारी होते तर घोड्याने दाणा अर्ध्यावर आणला. शेवटी त्याच्याजवळ एक शेळी बांधली सोबतीला. मग खाऊ लागला. शेळी पुढे कायमचीच राहिली, तिचाही थाट काय विचारता!

म्हणून "मालक" कोण हे आधी ठरवा. ज्याच्या नावावर कागद तो, की ज्याच्या कपड्यांना लिदीचा वास तो.

कृष्णाकाठ

शेळीवरून आठवलं, अबोलीताई, जयसिंगपूरचं भडंग आता पुण्यात चांगलं कुठे मिळतं?

निळी_छत्री

शेळीवरून भडंग कसं आठवलं??

गोठ्यातली_डॉक्टर

म्हैस सुटली. रेडी झाली. दोघी ठीक. तीन तास लागले, हात खांद्यापासून गेलाय. आता कोणीतरी माझ्या मानेच्या बुडाशी खाजवा.

अबोली_के

अभिनंदन डॉक्टरताई! रेडीचं नाव चंद्री ठेवायला सांगा.

आत्ताच आईला फोन केला. तिला विचारलं, चंद्रीचं शेवटी काय झालं? मला एवढंच माहीत होतं की रिक्षा वाढल्या आणि टांगा विकला. आई म्हणाली, टांगा विकला, चंद्रीला आजोबांनी विकलं नाही, मालगावच्या एका नातेवाइकाकडे तशीच दिली, चरायला रान आहे म्हणून. सहा-सात महिन्यांनी आजोबा भेटायला गेले. हाक मारली. ती आली नाही, लांबून बघत राहिली. मग सावकाश आली, बंडीचा खिसा हुंगला. आजोबा गूळ न्यायला विसरले होते. चंद्री सरळ पाठ फिरवून चरायला गेली.

आजोबा घरी येऊन हा किस्सा हसत हसत सांगायचे, "हिशेबाची पक्की आहे." पण आई म्हणते, दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा मालगावला गेले. गूळ नव्हता नेला. पिशवीत खरारा होता.

सुगरण_नाही

बाई गं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

घाटमाथा

माझी पहिली प्रतिक्रिया मागे घेतो.

कृष्णाकाठ

आणि भडंग?

दस्तुरीचा_पोर

राजाला सांगितलं की तुझ्यावर एवढं लिवलंय लोकांनी. चंदीची, म्हंजे त्याच्या दाण्याची वेळ झालीय, बादलीला लाथ मारतोय. जातो.