बंदुकीला अवजार म्हणावे काय?

आगरकर_वाडी: खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, कुदळ, पहार आणि वडिलांची परवान्याची ठासणीची बंदूक एकाच पाटावर मांडून पूजतात. यंदा पुण्याहून आलेल्या पुतण्याने विचारले की, बाकी सारी अवजारे असताना बंदूक त्यांच्या रांगेत कशी? मराठीत सुताराच्या पटाशीलाही आपण हत्यार म्हणतो आणि तलवारीलाही, त्यामुळे भाषेच्या आधारे मला उत्तर देता आले नाही. बंदूक अवजार मानावी काय, आणि मानू नये तर कोणत्या कसोटीवर?

कलमदान: कायद्यापुरते उत्तर स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मधील व्याख्येनुसार हल्ल्यासाठी वा बचावासाठी घडवलेली किंवा तसे रूप दिलेली वस्तू हे शस्त्र होय, आणि अग्निशस्त्रे त्यात नाव घेऊन धरली आहेत. मात्र केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या असून लाठी आणि साधी हातकाठी ही त्यांची उदाहरणे दिली आहेत. म्हणजे वस्तू कशासाठी घडवली, ही कसोटी. ऊसतोडीचा कोयता कुणावर उगारला तर तो गुन्हाच, पण म्हणून घरोघरच्या कोयत्यांना परवाना लागत नाही. (पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या वाचल्यावर हा भेद कुणाला पटवणे अवघड जाते, हे मान्य.)

भातकरी_सिंधुदुर्ग: त्याच अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, तो आपण सोडलात. भात तयार होऊ लागले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वाफा लोळवून जातो. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे डुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाही, म्हणून मी माळ्यावरून हवेत बार काढतो. नळीत दारू ठासायची, केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची, आणि हवा दमट असली की तीच केप ऐन वेळी दगा देणार. माझ्या हातात ती राखणीचीच वस्तू आहे. निवडणूक आली की मात्र ती पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. 2019 च्या विधानसभेचे मतदान 21 ऑक्टोबरला होते, म्हणजे आमच्या कापणीच्या तोंडावर.

कलमदान: आपली अडचण खरी आहे, परंतु आपल्याच उदाहरणातून उलटा निष्कर्ष निघतो. निवडणुकीपूर्वी नांगर किंवा विळा जमा करायला कुणी सांगत नाही. शिवाय काम केवळ आवाजाचे असेल, तर ते फटाकाही करतो. तेव्हा बंदुकीला अवजार ठरवणारा तो आवाज तिचा खास गुण नव्हेच. वन विभाग बिबट्याला बेशुद्ध करण्यासाठी औषधाची सुई सोडणारी बंदूक वापरतो, तिला मी बिनदिक्कत अवजार म्हणेन, कारण जनावर जिवंत हाती लागणे हाच तिच्या घडणीचा हेतू आहे.

भातकरी_सिंधुदुर्ग: फटाक्याला डुकरे चार रात्रींत सरावतात, हा माझा अनुभव आहे. बाराला ती अधिक घाबरतात, असे मी आजवर समजत आलो; पण फटाका लावतो तेव्हा माझ्या कमरेला छर्ऱ्यांची पिशवी नसते आणि बंदूक घेतो तेव्हा ती असते, हेही मला कबूल केले पाहिजे. माळ्यावर एकटा बसल्यावर धीर बहुधा त्या पिशवीचाच असतो.

आगरकर_वाडी: दोघांचेही आभार. बंदूक पाटावरून उठवणार नाही, पण पुतण्याला ती अवजार आहे असेही सांगणार नाही.